आभासी संगणक आणि नेटवर्कमधील दोषशोधन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

संगणकाच्या इतिहासलेखनात यंत्रे, त्यांचे निर्माते व कंपन्या यांची नोंद विपुल आढळते. यंत्रांमधील जोडणी तुटली असता दोष कोठे शोधावयाचा, या प्रश्नाचा इतिहास मात्र उपेक्षित राहिला आहे. वस्तुतः आभासी संगणकांच्या प्रसारानंतर या प्रश्नाचे स्वरूपच पालटले.

'पिंग' हा प्रोग्रॅम अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीतील माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. सोनार यंत्राच्या ध्वनीवरून त्याचे नाव पडले. दूरच्या यंत्रास लहानसा संदेश पाठवून उत्तर येते किंवा नाही, एवढेच तो पाहतो. म्यूस यांनी नोंदविलेला एक किस्सा येथे उल्लेखनीय ठरतो. एका नेटवर्क व्यवस्थापकाने पिंगचे प्रत्येक उत्तर संगणकाकडून मोठ्याने उच्चारले जाईल अशी योजना केली आणि तो इमारतभर केबलचे जोड हलवीत फिरला. ज्या जोडाला हात लागताच आवाज थांबला, तेथे दोष होता. दोषाला हात लावता येत होता, हे त्या काळाचे वैशिष्ट्य होय.

एका यंत्रावर अनेक आभासी संगणक चालविण्याची कल्पना जुनीच. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली होती. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये ती पीसीवर आणली आणि २००७ मध्ये केव्हीएमचा लिनक्स कर्नलमध्ये समावेश झाला. अशा संगणकाचे नेटवर्क कार्ड आभासी असते आणि त्याची जोडणी यजमान सर्व्हरच्या कर्नलमधील 'ब्रिज'ला, म्हणजे सॉफ्टवेअररूपी स्विचला, केलेली असते. हलवून पाहावे असा जोड तेथे नाही.

याचे बोलके उदाहरण जानेवारी २०१७ मधील आहे. डॉकरच्या १.१३ या आवृत्तीने सुरक्षेसाठी यजमान सर्व्हरवरून पुढे पाठविल्या जाणाऱ्या पॅकेटांना मूलतः मज्जाव केला. हेतू रास्तच होता. परंतु ब्रिजवरील पॅकेटेही फायरवॉलकडून तपासून घेण्याची लिनक्समधील सुविधा सुरू असल्यास, त्याच सर्व्हरवरील आभासी संगणकांची पॅकेटेही या नियमात सापडत. यजमानाची स्वतःची पॅकेटे या मार्गाने जात नसल्याने त्याचे पिंग सुरळीत चाले. आभासी संगणकाची एआरपी विचारणाही पार पडे, कारण हा नियम केवळ आयपी पॅकेटांना लागू होता. गेटवेचा पत्ता सापडतो, परंतु उत्तर येत नाही, अशी चमत्कारिक अवस्था निर्माण होई. केबल शाबूत, स्विचचा दिवा हिरवा!

अशा वेळी पिंगचे मौन अपुरे पडते. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत १९८८ च्या सुमारास तयार झालेला 'टीसीपीडंप' येथे उपयोगी पडतो. आभासी कार्डाच्या यजमानाकडील टोकावर पॅकेट दिसते आणि प्रत्यक्ष कार्डावर दिसत नाही, एवढे सिद्ध झाले की शोधाचे क्षेत्र कर्नलच्या आत येते. मात्र ही तपासणी करण्यास यजमान सर्व्हरचे प्रशासकीय अधिकार लागतात. नेटवर्क विभागाची नजर भिंतीवरील सॉकेटपाशी थांबते, तर आभासी संगणकाच्या वापरकर्त्यास त्याच्या कार्डापलीकडचे काही दिसत नाही. परिणामी दोघेही आपापला भाग निर्दोष असल्याचे प्रामाणिकपणे सांगतात. भाड्याने आभासी संगणक देणाऱ्या सेवांमध्ये, उदाहरणार्थ २००६ मध्ये सुरू झालेल्या अॅमेझॉनच्या ईसी२ मध्ये, भाडेकरूस यजमानाच्या प्रणालीत प्रवेशच नसतो. तेथे त्याला तक्रार नोंदवून वाट पाहावी लागते.