‘दिसेल ना?’ : एका प्रश्नाचा इतिहास

नाशिकच्या कोणत्याही नेत्ररुग्णालयात सकाळी तासभर बाकावर बसून राहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या बाजूंनी पहाटेच्या एस.टी.ने आलेली म्हातारी माणसे पाळीची वाट पाहत असतात. खर्च किती, मुक्काम किती, पथ्य काय, हे प्रश्न सोबत आलेला मुलगा किंवा सून विचारते. ज्याचा डोळा आहे तो मात्र एकच प्रश्न विचारतो : ‘‘डॉक्टर, दिसेल ना?’’

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा इतिहास पुष्कळदा हत्यारांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. सुई गेली, सुरी आली, टाके आले, टाके गेले, भिंग आले. आम्हांस वाटते, तो या एका प्रश्नाचा इतिहास म्हणूनही सांगता येईल. या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड का, याचे कारण मोतीबिंदूतच आहे. डोळ्यातील भिंग गढूळ होते, तेव्हा रुग्णाला बाहेरचे दिसेनासे होते. त्याच गढूळपणामुळे वैद्यालाही आतले दिसेनासे होते. पडदा एकच, अंधार मात्र दोघांच्या वाट्याला. भिंगामागचे दृष्टिपटल शाबूत आहे की नाही, डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस जिवंत आहे की सुकली, हे पडदा दूर झाल्याखेरीज पुरते कळत नाही. आणि पडदा दूर करायचा की नाही, हे तर आधीच ठरवायचे असते.

या अडचणीची जाणीव सुश्रुताला होती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लिंगनाश या नावाने हा विकार येतो. सर्व लिंगनाशांवर शस्त्र चालवावे असे तेथे म्हटलेले नाही. कफामुळे झालेला लिंगनाश तेवढा शस्त्रसाध्य. आणि त्यातही डोळ्यातील दोष अर्धचंद्रासारखा, घामाच्या थेंबासारखा वा मोत्यासारखा दिसत असेल, कठीण वा उंचसखल असेल, मध्ये विरळ असेल, त्यावर रेघा वा नाना रंग असतील, डोळा दुखत असेल वा लाल असेल, तर शस्त्रकर्म करू नये, अशी ताकीद आहे. पुढे जवाच्या दाण्यासारख्या टोकाच्या शलाकेने तो दोष दृष्टीच्या मार्गातून दूर कसा करावा, हे सांगितले आहे. शस्त्रकर्म झाल्यावर रुग्णाला आकृती दिसू लागल्या म्हणजे शलाका हळूच काढावी, मग डोळ्याला तूप लावून तो कापडाच्या पट्टीने बांधावा, आणि रुग्णाने शिंक, खोकला, ढेकर आवरावी. यंत्र नाही, मोजमाप नाही; तरीही कोणाला हात लावावा आणि कोणाला लावू नये, याचा विवेक आहे. भाकिताची सुरुवात अशी नकारापासून झाली.

पुढच्या शतकांत सुई टिकली, विवेक मात्र सर्वत्र टिकला नाही. गावोगाव हिंडून मोतीबिंदू ‘पाडणारे’ लोक विसाव्या शतकापर्यंत या देशात होते. गढूळ भिंग सुईने खाली ढकलले की रुग्णाला क्षणात उजेड दिसे, समोर धरलेली बोटे मोजता येत, आणि बिदागी मिळे. भिंग मात्र डोळ्यातच राही. काही दिवसांनी डोळा सुजे, ठणके, कित्येकदा कायमचा विझे. तोवर पाडणारा पुढच्या गावी गेलेला असे. मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयाचे प्रमुख राहिलेले रॉबर्ट हेन्री एलियट यांनी असे शेकडो डोळे तपासून १९१८ साली या पद्धतीवर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. त्यातून मिळणारा धडा सोपा आहे : त्या क्षणी काय दिसले, ही शस्त्रक्रियेची परीक्षा नव्हे.

ही परीक्षा कागदावर उतरवण्याचा एक जुना प्रयत्न मराठी माणसाच्या दरबारात झाला, हे आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. तंजावरचे सरफोजीराजे भोसले (१७७७–१८३२) यांना बालपणी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या लुथेरन मिशनऱ्याचे शिक्षण व आधार लाभला होता. राजांनी धन्वंतरी महाल नावाची वैद्यकशाळा चालवली, देशी आणि युरोपीय वैद्यक शेजारी शेजारी बसवले आणि नेत्रचिकित्सेत स्वतः लक्ष घातले. तेथील नेत्ररुग्णांची टिपणे आणि त्यांच्या डोळ्यांची चित्रे तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेली आहेत. रुग्ण कोणत्या स्थितीत आला आणि त्याच्यावर काय उपचार केले, हे लिहून ठेवणारा वैद्य पुढच्या रुग्णाला थोडे अधिक खात्रीने उत्तर देऊ शकतो. भाकीत हे नोंदवहीतून जन्मते. स्मरणशक्तीला यशच तेवढे आठवते.

युरोपात झाक दाव्हिएल या फ्रेंच शल्यवैद्याने १७४७ साली भिंग खाली न ढकलता डोळ्याबाहेर काढण्याची पद्धत सुरू केली. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण जगापुढे ठेवले, आणि १८६२ मध्ये हॉलंडच्या स्नेलेनने उतरत्या अक्षरांचा तक्ता तयार केला. ६/६० म्हणजे निरोगी डोळा जे अक्षर साठ मीटरवरून ओळखतो, ते या डोळ्याला सहा मीटरवरून ओळखावे लागते. ‘बरे दिसते’ याला प्रथमच आकडा मिळाला. पण हेल्महोल्ट्झच्या उपकरणालाही पिकलेल्या मोतीबिंदूपलीकडचे दिसेना, आणि आपल्याकडे तर मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबण्याचाच रिवाज होता.

तेव्हा डॉक्टरांनी रुग्णालाच साक्षीला बोलावले. अंधाऱ्या खोलीत एक डोळा झाकायचा, दुसऱ्या डोळ्यासमोर वर, खाली, उजवीकडे, डावीकडे दिवा धरायचा आणि विचारायचे : उजेड कुठून येतो? चारही दिशा बरोबर सांगता आल्या, बाहुली उजेडाने झटकन आकसली, तर आतील पटल बव्हंशी जागे आहे असे समजावे. एखादी दिशा चुकली तर संशय घ्यावा. एकेकाळी त्यासाठी मेणबत्ती असे, नंतर विजेरी आली. शिबिरात ही चाचणी अर्ध्या मिनिटात होते. आणि अर्ध्या मिनिटाची म्हणून तीच घाईत वगळली जाते.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी ‘दिसणे’ म्हणजे काय, हा प्रश्न उरतोच. आमच्या निफाड तालुक्यातील आत्याचा उजवा डोळा १९८४ साली झाला. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे भिंग काढून टाकले आणि जाड काचेचा चष्मा दिला. त्यातून जग सुमारे पावपट मोठे दिसे, आणि कडेचे मुळीच दिसत नसे. आत्या पाण्याच्या तांब्याकडे हात नेई आणि हात अलीकडेच थांबे. तक्त्यावर तिचा डोळा उत्तीर्ण होता. घरात ती वर्षभर धडपडत होती. हे असे होईल, हे तिला आधी कोणी सांगितले नव्हते.

यावरचा उपाय इंग्लंडात पूर्वीच सापडला होता. युद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे प्लॅस्टिकचे, कण वैमानिकांच्या डोळ्यांत रुतून बसले तरी डोळा चिडत नाही, हे हॅरॉल्ड रिडली यांनी पाहिले, आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग एका स्त्रीच्या डोळ्यात बसवले. भिंग बसले, पण हिशेब चुकला : त्या डोळ्याला दूरचे पाहण्यासाठी मोठ्या उणे क्रमांकाचा चष्मा लागला. हा चुकलेला हिशेब हीच पुढच्या भाकितशास्त्राची प्रेरणा. रशियाच्या फ्योदोरॉव यांनी १९६७ मध्ये भिंगाच्या शक्तीचे सूत्र मांडले. १९८० मध्ये सँडर्स, रेट्झलाफ आणि क्राफ या तिघांनी प्रत्यक्ष रुग्णांच्या निकालांवरून सोपे सूत्र काढले. त्यात दोन मापे लागतात : ध्वनिलहरींनी मोजलेली डोळ्याची लांबी आणि बुबुळावरील पारदर्शक पडद्याचा बाक. डोळा साधारण तेवीस-चोवीस मिलीमीटर लांब असतो. मोजण्यात एका मिलीमीटरची चूक झाली, तर चष्म्याचा क्रमांक अडीच-तीनने चुकतो.

आपल्या देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोठा मोतीबिंदू प्रकल्प राबवला गेला, आणि डोळ्यात भिंग बसवणे गरिबाच्याही आवाक्यात आले. तोवर अहवालात शस्त्रक्रियांची संख्या मिरवत असे. १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निराळा दंडक घातला : वापरात असलेल्या चष्म्यासह शंभरांपैकी किमान ऐंशी डोळ्यांना ६/१८ किंवा त्याहून चांगले दिसावे, आणि ६/६० पेक्षा कमी दिसणारे डोळे पाचांहून अधिक नसावेत. निकाल बिघडण्याची कारणे चार : रुग्णाची निवड, शस्त्रक्रियेतील चूक, चष्म्याची उणीव आणि नंतरचे उपद्रव. निवड पहिली आली, आणि निवड म्हणजे सुश्रुताचाच विवेक.

आत्याचा डावा डोळा १९९६ साली झाला. या वेळी भिंग बसवले. शस्त्रक्रिया निर्दोष होती. मात्र तिचा मधुमेह जुना होता आणि दृष्टिपटल आधीच झिजले होते. त्याची शंका कोणी घेतली नाही. ‘‘आजी, लख्ख दिसेल’’ असा शब्द तेवढा दिला गेला. पट्टी सुटली त्या दिवशी ती बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘‘उजेड आला रे, माणूस नाही आला.’’ त्या वाक्यात राग नव्हता. पण पुढे ती कोणत्याच दवाखान्यात आपण होऊन गेली नाही, आणि गल्लीतल्या दोघी-तिघींनीही आपले डोळे दाखवले नाहीत. एक चुकीचे भाकीत किती डोळ्यांवर पडदा धरते, हे आम्ही असे घरातच पाहिले.

आज प्रकाशकिरणांनी डोळ्याची लांबी अतिसूक्ष्म मोजता येते, दृष्टिपटलाचे थर उलगडून पाहता येतात. तरीही पाड्यावरून पूर्ण पिकलेला मोतीबिंदू घेऊन एखादी म्हातारी येते, तेव्हा प्रकाशावर चालणारी ही यंत्रे त्या पडद्यापुढे थबकतात. ध्वनिलहरी पलीकडे जातात, पटल सुटले आहे की जागेवर आहे एवढे सांगतात. ते किती पाहू शकेल, हे सांगत नाहीत. शेवटी विजेरीच हाती येते आणि डॉक्टर विचारतात : ‘‘आजी, उजेड कुठून येतोय?’’ दोन हजार वर्षांच्या वाटचालीनंतर भाकिताचे सर्वांत जुने साधन रुग्णाचे स्वतःचे उत्तर हेच राहिले आहे. त्या उत्तराची परतफेड तितक्याच खऱ्या उत्तराने झाली पाहिजे. ‘लख्ख दिसेल’ हे सुखद वाटते. ‘वाट दिसेल, पोथी दिसेलच असे नाही’ हे ऐकायला जड जाते. परंतु त्या बाकावर बसलेल्या माणसाने एस.टी.चे तिकीट काढून जे विचारले, त्याचे उत्तर दुसऱ्या वाक्यात आहे.