गाळाने घडवलेलं नांदूर

माझी सगळी नोकरी पाटावर गेली. शेतकऱ्यांचे पाणीमागणीचे सात नंबरचे अर्ज गोळा करायचे, पाळ्या लावायच्या, शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचलं का ते बघायचं. त्यामुळे नांदूर मध्यमेश्वरशी माझी ओळख पाण्याच्या हिशोबातून झाली.

निफाड तालुक्यात गोदावरीला (आम्ही गंगाच म्हणतो) कादवा मिळते, तिथे हा दगडी बंधारा आहे. बांधकाम विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांनी नगर-नाशिकचा मुलूख होरपळून निघाला होता, त्यानंतरची ही कामं. साठा वर दारणा धरणात करायचा, नांदूरला पाणी अडवून डाव्या-उजव्या कालव्यांत सोडायचं. कोपरगाव-राहात्याकडचा ऊस याच पाटांवर उभा राहिला. पक्ष्यांचा विचार त्या आराखड्यात कुठेच नव्हता.

गंगा-कादवेच्या दरवर्षीच्या पुराने बंधाऱ्यामागच्या फुगवट्यात गाळ टाकला. साठा घटला, पाणी उथळ झालं, मध्ये बेटं तयार झाली, काठाला पाणकणीस माजलं. पाटबंधारेवाल्यांच्या लेखी हे निव्वळ नुकसान. पण चमच्या पक्षी चरताना नीट बघा. गुडघाभर पाण्यात उभा राहून तो अर्धवट उघडी चोच डावीकडून उजवीकडे फिरवत पुढे सरकतो. चोचीला मासा-किडा लागला की मिटलीच. खोल पाण्यात त्याला हे जमायचं नाही. हळदी-कुंकू बदकही सहसा बुडी मारत नाही. शेपूट वर करून, मान पोहोचेल तेवढंच खातं. या दोघांचं ताट गाळाने वाढून ठेवलं आहे.

पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली इथे येऊन गेले आणि त्यांनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं. मला ती तुलना फार नेमकी वाटते, कारण राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी अभयारण्याचं पाणीही माणसाने बांध घालूनच अडवलेलं आहे. १९८६ मध्ये नांदूरला अभयारण्य जाहीर झालं. जानेवारी २०२० मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव लागलं, महाराष्ट्रातून पहिलं.

अडचण वेळापत्रकाची आहे. रब्बीची आवर्तनं (कालव्यात पाणी सोडायच्या पाळ्या) आणि उत्तरेकडून येणारी बदकं, दोन्हींचा हंगाम थंडीचाच. पाणी चढलं की चिखलात टिपणाऱ्या तुतवारांची जागा बुडते. फार उतरलं की बदकं हलतात. शेतकऱ्याचं पाणी तोडा असं मी कधीच म्हणणार नाही, त्याच पाण्यावर माझंही घर चाललं. पण पातळी एकदम वरखाली न करता सावकाश बदलणं हे पाटावरच्या माणसाला जमण्यासारखं काम आहे.

साठा वाढवायचा म्हणून गाळ काढायची मागणी अधूनमधून होते. ज्यांच्या हातात तो निर्णय असेल त्यांनी डिसेंबरातल्या एका सकाळी अभयारण्यातल्या चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावर चढावं, दुर्बीण लावावी आणि मग कागदावर सही करावी.