दमणची हद्द, सोन्याची बिस्किटे आणि आपला खरा ‘वेस्टर्न’

#थ्रेड

हॉलिवूडच्या स्वस्तातल्या वेस्टर्न चित्रपटांची सामग्री ठरलेली असे. चार घोडे, सोन्याची एक पेटी, तिच्या मागे लागलेले फरारी आणि पलीकडे मेक्सिकोची हद्द. ती ओलांडली की शेरीफचा अधिकार संपला. आपल्याकडे ‘वेस्टर्न’ म्हटले की ‘शोले’ आठवतो. परंतु सोने, फरारी आणि हद्द हे तिन्ही घटक प्रत्यक्षात एकत्र आले ते घोलवडच्या उत्तरेला, दमणच्या किनाऱ्यावर.

घोलवडहून गाडीने उंबरगाव, संजाण, भिलाड मागे टाकत वापीला उतरावे. तिथून दमण दहा-बारा किलोमीटर. डिसेंबर १९६१ पर्यंत या थोडक्या अंतरात देश बदलत असे.

ही हद्द जन्मली ती मराठ्यांच्या विजयातून. १७३९ च्या मोहिमेत चिमाजीअप्पांच्या फौजांनी डहाणू, तारापूर आणि अखेरीस वसई घेतली. १५५९ पासून पोर्तुगीजांकडे असलेले दमण मात्र त्यांच्याकडेच राहिले. पुढे १७७२ मध्ये मराठी आरमाराने पोर्तुगीजांचे ‘सांताना’ हे जहाज नष्ट केले. त्याच्या भरपाईपोटी १७८३ मध्ये पेशव्यांनी नगरहवेलीतील गावांचा वर्षाला १२,००० रुपयांचा महसूल पोर्तुगीजांना तोडून दिला. समुद्रातल्या एका जहाजाची किंमत तलासरीशेजारच्या डोंगराळ गावांनी चुकवली, आणि तीही १९५४ पर्यंत!

हद्दीचा पहिला मोठा धंदा अफूचा. बंगालच्या अफूवर कंपनीची मक्तेदारी होती. माळव्याची अफू तिच्या हाताबाहेर राहिली. मुंबईचे बंदर बंद झाल्यावर माळव्याचे व्यापारी राजपुतान्याच्या वाळवंटातून कराचीला आणि तिथून जहाजाने दमणला माल पोहोचवत. पुढचा मुक्काम चीन. कंपनीने १८३१ मध्ये हार पत्करून परवाना-शुल्क घेत मुंबईचा मार्ग खुला केला. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या हाती गेल्यावर कराचीची वाट बंद झाली आणि दमणची ती भरभराट ओसरली.

शंभर वर्षांनी सोने आले. १९४७ मध्ये भारताने सोन्याच्या आयातीवर निर्बंध घातले. येथे थोडा हिशेब करू, कारण सारी कथा त्यातच आहे. आंतरराष्ट्रीय दर औंसाला ३५ डॉलर, आणि १९४९ च्या अवमूल्यनानंतर डॉलर ४.७६ रुपयांचा, म्हणजे दहा ग्रॅम सोने सुमारे ५४ रुपयांना. भारतीय बाजारात तेच शंभर रुपयांच्या आसपास. दहा तोळ्यांचे बिस्कीट ११६.६४ ग्रॅमचे. एका बिस्किटामागे पाचशेहून अधिक रुपयांचा फरक, आणि ते अंगातल्या जाकिटाच्या एका कप्प्यात मावते. पोर्तुगीज हद्दीत ते उतरवणे गुन्हा नव्हता. गुन्हा सुरू होई तो रेघ ओलांडल्यावर.

सरकारने १९५५ मध्ये सागरी सीमाशुल्क कायद्यात १७८-अ हे कलम घातले. जप्त झालेले सोने चोरटे नाही, हे ज्याच्याकडून ते सापडले त्यानेच सिद्ध करायचे! फौजदारी न्यायाची नेहमीची रीत येथे उलटी झाली. सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले.

१९ डिसेंबर १९६१ रोजी दमण शरण आले. त्यावर चालून गेलेली तुकडी होती पहिली मराठा लाइट इन्फंट्री. १७३९ चे राहिलेले काम २२२ वर्षांनी पुरे झाले, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही.

हद्द पुसली गेली. तस्करी मात्र वाढली. कारण खरी रेघ किमतीची होती, आणि ती आता समुद्रात सरकून दुबईपर्यंत गेली. चीन युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणले. १४ कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यास बंदी आली. २२ कॅरटच्या मंगळसूत्राची सवय असलेल्या समाजात हा नियम टिकणार कसा? पिढीजात सोनारांची भट्टी थंडावली, अनेकांना दुसरा रोजगार शोधावा लागला, आणि चोरट्या सोन्याला गिऱ्हाईक मिळतच राहिले. माझ्या मते या कथेतला सर्वांत मोठा अन्याय हाच आहे. कॅरटची ही अट सरकारला १९६६ मध्ये मागे घ्यावी लागली. उरलेले नियंत्रण १९९० मध्ये गेले.

दरम्यान दमणचा सुकुर नारायण बाखिया आणि मुंबईचा हाजी मस्तान ही नावे दंतकथा बनली होती. १९७४ च्या धरपकडीत ती वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आली, आणि काही महिन्यांतच ‘दीवार’ झळकला. ‘शोले’ही त्याच वर्षी आला, १९७५ मध्ये. त्यात घोडे आहेत, खडक आहेत, डाकू आहेत. या किनाऱ्याचे सोने मात्र ‘दीवार’मध्ये आहे. म्हणून आपला खरा वेस्टर्न मी त्यालाच मानतो, घोडा नसला तरी. तिजोरीची आणि बिस्किटांची आठवण चित्रपटांनी जपली. खांद्यावरून माल उतरवणाऱ्या हातांची नावे मात्र तिथेही फारशी सापडत नाहीत.

१९६० च्या राज्य विभाजनात उंबरगाव गुजरातेत गेले आणि घोलवड महाराष्ट्राच्या टोकाशी आले. गुजरातेत दारूबंदी आहे, दमणमध्ये नाही. दमणहून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर आजही गाड्यांच्या डिक्या उघडून पाहिल्या जातात. शोध आता बाटल्यांचा असतो.