पीसी कॅबिनेट कापून कस्टम वॉटर कूलिंग कसं बसवायचं? हिशोब, मापं, कटिंग आणि लीक टेस्ट

फोनवर बराच वेळ गेम खेळला की मागची बाजू तापते आणि फोन स्वतःच स्पीड कमी करतो, हे तुम्ही अनुभवलं असेलच. अनेक महागड्या फोनमध्ये यासाठी व्हेपर चेंबर असतो. म्हणजे एका चपट्या धातूच्या डबीत अगदी थोडंसं पाणी असतं. प्रोसेसरजवळ त्याची वाफ होते, ती पुढे जाऊन थंड होते आणि पाणी परत येतं. डेस्कटॉपच्या वॉटर कूलिंगमध्येही पाणी उष्णता एका जागेवरून दुसरीकडे नेतं. फरक एवढाच की इथे वाफ होत नाही, पंप पाणी फिरवतो.

तयार मिळणारा एआयओ कूलर साधारणपणे फक्त प्रोसेसर थंड करतो. कस्टम लूपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही एकाच पाण्यावर घेता येतात. अडचण येते ती जागेची. बऱ्याच मिड टॉवर कॅबिनेटमध्ये दोन मोठे रेडिएटर बसतच नाहीत. मग एकतर मोठं कॅबिनेट घ्या किंवा आहे ते कापा. मी कॉलेजच्या काळातलं लोखंडी कॅबिनेट कापलं. त्याची मापं उदाहरण म्हणून या लेखात वापरतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. इथे गळतीचा एक थेंब चुकीच्या जागी पडला तर कित्येक महिन्यांची बचत घालून घेतलेलं कार्ड जाऊ शकतं. कूलर काढून वॉटर ब्लॉक बसवला तर काही कंपन्या वॉरंटीही नाकारतात. त्यामुळे वॉरंटीच्या अटी वाचल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका.

लूपमध्ये काय काय असतं?

- वॉटर ब्लॉक: चिपवर बसतो आणि तिची उष्णता पाण्याला देतो.
- रेडिएटर आणि पंखे: पाण्यातली उष्णता हवेत सोडतात.
- पंप: डी५ आणि डीडीसी हे दोन प्रकार सगळ्यात जास्त वापरले जातात.
- रिझर्व्हॉयर: पाण्याची टाकी. ती पंपाच्या वर हवी, कारण पंप कोरडा चालला तर खराब होतो.
- ट्यूब आणि फिटिंग: फिटिंगचा आटा बहुतेक ठिकाणी जी १/४ मापाचा असतो. पहिल्यांदा करताना मऊ ट्यूब घ्या. कडक ट्यूब दिसते छान, पण ती गरम करून वाकवावी लागते.

रेडिएटर किती मोठा हवा?

हा हौशी लोकांत चालणारा ढोबळ हिशोब आहे: दर १०० वॉटमागे १२० मिमी पंख्याएवढा एक भाग. पंखे फार वेगाने न फिरवता पाणी खोलीपेक्षा साधारण १० अंश गरम राहावं, असं त्यात धरलेलं असतं.

माझ्याकडे रायझन ७ ७८००एक्स३डी आहे, त्याचा टीडीपी १२० वॉट. आरटीएक्स ४०८० ची पॉवर ३२० वॉट. एकूण ४४० वॉट, म्हणजे पाच भाग. म्हणून समोर ३६० मिमीचा रेडिएटर (तीन भाग) आणि वर २४० मिमीचा (दोन भाग) असं ठरवलं.

आता आपल्याकडचा उन्हाळा लक्षात घ्या. साधा लूप पाण्याला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. मे महिन्यात नागपूरला एसी नसलेल्या खोलीत ३८ अंश असतील तर पाणी ४८ च्या आसपास जाणार. बऱ्याच पंपांची मर्यादा ६० अंश असते. म्हणून विदर्भ-मराठवाड्यातल्या मित्रांनी एखादा भाग जास्तच धरावा.

आधी प्रोसेसर की आधी ग्राफिक्स कार्ड, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. मिनिटाला ४ लिटर पाणी फिरत असेल तर ४४० वॉट उष्णता घेऊनही पाण्याचं तापमान एका फेरीत दीड अंशाच्या आसपासच वाढतं. त्यामुळे क्रमाने फारसा फरक पडत नाही. ज्या मार्गाने ट्यूब सरळ जाते, तो मार्ग निवडा.

मापं घेताना काय बघायचं?

रेडिएटरचं नाव आणि त्याची खरी लांबी वेगळी असते. ३६० मिमीचा रेडिएटर दोन्ही टोकांच्या टाक्या धरून ४०० मिमीच्या आसपास भरतो. शिवाय फिटिंग आणि ट्यूबच्या वळणाला जागा लागतेच.

जाडीही मोजायची. स्लिम रेडिएटर साधारण २७ ते ३० मिमी, पंखा २५ मिमी. माझा रेडिएटर २७ मिमीचा, म्हणजे दोन्ही मिळून ५२ मिमी. माझ्या कॅबिनेटमध्ये छत आणि मदरबोर्डची वरची कड यांत फक्त ३८ मिमी होते. दोन्ही आत बसणं शक्यच नव्हतं. उपाय असा काढला की रेडिएटर छताच्या आत आणि पंखे छताच्या बाहेर, वर. हवा जायला मग छताला दोन मोठी भोकं पाडावी लागली.

समोर हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येत होता. तो रिव्हेटने बसवलेला असतो. रिव्हेटच्या डोक्यावर मापाचा ड्रिल बिट चालवला की डोकं उडतं आणि पिंजरा सुटतो. तिथे ग्राफिक्स कार्डासाठी ३७० मिमी जागा होती. रेडिएटर आणि पंख्यांचे ५२ मिमी वजा केले की ३१८ मिमी उरतात. तुमच्या कार्डाची लांबी आधी तपासा.

हे सगळं पुठ्ठ्याने आधी करून बघा. रेडिएटरच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका कापायचा, आत ठेवायचा आणि रॅम, केबल, कार्ड कुठे अडतंय ते बघायचं. पुठ्ठा फुकट असतो, कापलेला पत्रा परत जोडता येत नाही.

कटिंग, पायरी पायरीने

१. कॅबिनेटमधून सगळे पार्ट बाहेर काढा. पॉवर सप्लाय आणि पॅनलच्या वायरीसुद्धा. लोखंडाचा कीस वीजवाहक असतो, तो मदरबोर्डवर राहिला तर शॉर्ट होऊ शकतो.

२. पत्र्यावर मास्किंग टेप लावा आणि त्यावर आखणी करा. १२० मिमी पंख्याच्या स्क्रूच्या भोकांमधलं अंतर १०५ मिमी असतं, १४० मिमी पंख्याचं १२४.५ मिमी. टेम्प्लेट प्रिंट करणार असाल तर स्केल १०० टक्के ठेवा आणि कागदावर पट्टी लावून खात्री करा.

३. भोकाच्या मध्यावर सेंटर पंचने खूण ठोका, नाहीतर ड्रिल बिट घसरतो. आधी बारीक बिट, मग मोठा.

४. मोठ्या भोकासाठी जिगसॉला धातू कापायचं बारीक दातांचं ब्लेड लावा, किंवा रोटरी टूलला कटिंग डिस्क. चौकोनी खिडकीपेक्षा पंख्याएवढी दोन गोल भोकं बरी, मधे पत्रा राहतो आणि छत डगमगत नाही. पत्र्याखाली लाकडी फळी ठेवून क्लॅम्पने घट्ट पकडा.

५. डोळ्यांवर गॉगल हवाच. ड्रिल चालवताना सैल हातमोजे घालू नका, ते बिटमध्ये अडकतात. कापलेला पत्रा हाताळताना मात्र हातमोजे घाला.

६. कानसने कडा घासा, मग पॉलिश पेपर मारा. उघड्या कडेला प्रायमर आणि रंग लावा. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत उघडा पत्रा लवकर गंजतो. शेवटी कडेवर रबराची यू-पट्टी बसवा.

७. कॅबिनेट धुवा, पूर्ण वाळवा आणि कोपऱ्यांतून चुंबक फिरवा. राहिलेला कीस चिकटून येतो.

हे घरी जमत नसेल तर नीट आखलेला पत्रा फॅब्रिकेशनवाल्याकडे न्या. काम त्याचं, मापं तुमची.

स्क्रूच्या लांबीकडे विशेष लक्ष द्या. पंख्याचे २५ मिमी आणि पत्र्याचा जेमतेम १ मिमी धरला तर ३० मिमीचा स्क्रू रेडिएटरमध्ये ४ मिमीच जातो. त्याहून लांब स्क्रू आत पाणी वाहणाऱ्या नळीला भोक पाडू शकतो. स्क्रू कधी जोर लावून फिरवायचा नाही.

धातू आणि पाणी

तांब्याचे ब्लॉक असतील तर अॅल्युमिनियमचा रेडिएटर घेऊ नका. दोन वेगळे धातू एकाच पाण्यात आले की गॅल्व्हानिक कोरोजन होतं आणि अॅल्युमिनियम झिजत जातं. तांबं, पितळ आणि निकेल प्लेटिंग एकत्र चालतं.

नळाचं पाणी नको, त्यातले क्षार बारीक खाचांत बसतात. पीसीसाठीचं तयार कूलंट वापरा, त्यात गंज आणि शेवाळ रोखणारे घटक असतात. नवीन रेडिएटर मात्र आधी डिस्टिल्ड वॉटरने दोन-तीनदा खळखळून घ्या, कारखान्यातली घाण निघते. लूपच्या सगळ्यात खालच्या जागी टी-फिटिंग आणि बॉल व्हॉल्व्ह लावून ठेवा. पुढे पाणी बदलताना त्याची किंमत कळते.

लीक टेस्ट: ही पायरी टाळायची नाही

पहिल्यांदा पाणी भरताना वीज फक्त पंपाला द्यायची. मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डाच्या सगळ्या पॉवर केबल काढून ठेवा. पॉवर सप्लाय बंद असताना २४ पिन कनेक्टरला जंपर प्लग लावा. तो १६ नंबरची पिन ग्राउंडला जोडतो आणि मदरबोर्डशिवाय पॉवर सप्लाय चालू होतो. वायर खुपसण्यापेक्षा हा तयार प्लग सुरक्षित.

प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवा. रिझर्व्हॉयर भरा, पंप काही सेकंद चालवा, पाणी तळाशी येण्याआधी बंद करा, पुन्हा भरा. लूप भरला की कॅबिनेट हळूहळू तिरकं करून बुडबुडे काढा. मग २४ तास पंप चालू ठेवा. टिश्यू कोरडा राहिला तरच बाकीच्या केबल जोडायच्या.

"डिस्टिल्ड वॉटरमधून वीज जात नाही, मग गळालं तरी काय बिघडतं?" असं काही जण म्हणतात. शुद्ध पाणी वीज फारशी वाहत नाही हे खरं. पण धातू आणि धुळीला लागलं की त्यात क्षार मिसळतात आणि मग ते वीज वाहतं. या भरवशावर कार्ड पणाला लावू नका.

हे कोणी करावं?

वजनदार गेमिंग, थ्रीडी रेंडरिंग किंवा तासन्‌तास चालणारं काम असेल, आवाज कमी हवा असेल आणि हाताने काम करायची हौस असेल तर जरूर करा. साधारण वर्षातून एकदा कूलंट बदलायची तयारी मात्र हवी. फक्त कॉलेजचा अभ्यास, कोडिंग आणि हलके गेम असतील तर चांगला एअर कूलर पुरेसा आहे. उरलेल्या पैशांत रॅम वाढवा, फरक लगेच जाणवेल.