राग कोणावर?

पोरे बंड करू लागली की वडीलधारे वयाला दोष देतात. आम्ही कॉलेजात नव्हे, द्वारसभांत शिकलो. आम्ही आधी विचारतो, घरी कमावते कोण?

अमेरिकेतील टल्सा शहरच्या एस. ई. हिंटन या शाळकरी मुलीने वयाच्या १५ व्या वर्षी एक कादंबरी लिहावयास घेतली. १९६७ साली ती ‘द आउटसायडर्स’ या नावाने प्रसिद्ध झाली. तोवरच्या किशोरवयीन पुस्तकांत बहुधा नाचाचे समारंभ आणि पहिले प्रेम असे. हिंटनने वर्गभेद मांडला. एकाच शहरातले गरीब ‘ग्रीझर’ आणि मोटारींतून हिंडणारे श्रीमंत ‘सोश’ एकमेकांच्या जिवावर उठतात. नायक पोनीबॉय १४ वर्षांचा, पोरका. २० वर्षांचा थोरला भाऊ कॉलेजवर पाणी सोडून छपरे घालण्याच्या कामावर जातो. मधला शाळा सोडून पेट्रोल पंपावर राबतो.

शेवटी मारामारीत गरीब पोरे जिंकतात. पण जिंकूनही ती होती तिथेच राहतात, हे हिंटनला उमगले होते. त्या कादंबरीत राग आहे, संघटना नाही. एकट्यादुकट्याचा राग समोरच्या पोरावरच पडतो. मजुरीला तो शिवतही नाही. त्या रागाला वाट दाखविणे हे काम पोरांचे नव्हे, आमचे आहे.