झेडएक्स स्पेक्ट्रमच्या पडद्यावर कचरा दिसतोय? चिप काढण्याआधी पडदा वाचा

केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने एप्रिल १९८२ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम बाजारात आणला. ब्रिटनमध्ये १६ केबीचे मॉडेल १२५ पौंडांना आणि ४८ केबीचे १७५ पौंडांना मिळत असे. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन याच घराण्यातला स्पेक्ट्रम प्लस 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने विकला. त्यामुळे आपल्याकडेही एखाद्या माळ्यावर असे मशीन सापडू शकते. टीव्हीला जोडले की ते सुरू झाल्यासारखे वाटते, पण पडद्यावर उभ्या रेघा, चौकटी किंवा नुसता रंगांचा गोंधळ दिसतो.

असे मशीन हाती आले की अनेक जण थेट सोल्डरिंग गन तापवतात आणि एकेक चिप बदलत सुटतात. बोर्ड चाळीस वर्षे जुना असतो, जास्त उष्णतेने त्यावरचे तांब्याचे ट्रॅक चटकन उखडतात. दुरुस्त होण्यासारखे मशीन अशा दुरुस्तीतच कायमचे मरते. खरे तर स्पेक्ट्रम बिघाडाची माहिती स्वतःच पडद्यावर लिहून देतो. ती वाचता आली तर बरेचसे काम एका मल्टिमीटरवर होते.

पडदा तयार कसा होतो

स्पेक्ट्रममध्ये चार मुख्य घटक आहेत: झेड८०ए हा प्रोसेसर, रॉम, रॅम आणि फेरांटी कंपनीने बनवलेली यूएलए ही खास चिप. टीव्हीला जाणारे चित्र यूएलए तयार करते. त्यासाठी ती रॅमचा एक भाग सेकंदाला ५० वेळा वाचते. या भागात ६१४४ बाइट ठिपक्यांचे आणि ७६८ बाइट रंगांचे असतात. हा भाग नेहमी खालच्या १६ केबी रॅममध्ये असतो. चित्राभोवतीच्या कडेचा रंग मात्र रॅममध्ये साठवला जात नाही, प्रोसेसर तो थेट यूएलएला कळवतो.

सगळे निदान या फरकावर उभे आहे. वीज मिळताच रॉममधला प्रोग्रॅम आधी कड पांढरी करतो, मग सगळ्या रॅममध्ये २ हा आकडा भरतो आणि तो नीट साठला का ते तपासतो. त्या क्षणी मधला भाग काळा होऊन त्यावर बारीक लाल उभ्या रेघा दिसतात. नंतर पडदा पांढरा होतो आणि खाली सिंक्लेअरची कॉपीराइटची ओळ येते.

कड पांढरी असेल, पण मध्ये कचरा असेल, तर प्रोसेसर, रॉम आणि यूएलए बहुधा ठीक आहेत. संशय रॅमवर किंवा तिच्या विजेवर. कड पांढरी होतच नसेल तर प्रोसेसर रॉमपर्यंत पोचलेला नाही. टीव्हीला स्थिर चित्रच मिळत नसेल तर आधी टीव्हीच तपासा. स्पेक्ट्रमचा सिग्नल यूएचएफच्या ३६ व्या चॅनेलवर येतो आणि आजच्या बऱ्याच टीव्हींना असा अ‍ॅनालॉग सिग्नल पकडता येत नाही. मॉड्युलेटरला बगल देऊन कॉम्पोझिट व्हिडिओ थेट बाहेर काढणे हा रूढ उपाय आहे.

आधी वीज मोजा

अडॅप्टर ९ व्होल्ट डीसीचा आणि १.४ अँपिअरचा लागतो, पण त्याच्या पिनचे मधले टोक ऋण असते. आजचे बहुतेक अडॅप्टर याच्या उलट असतात, त्यामुळे घरात सापडेल तो खुपसू नका. मूळ अडॅप्टर भार नसताना १२ व्होल्टच्या वर दाखवतो, तो दोष नव्हे. मशीन उघडताना कीबोर्डच्या पारदर्शक पट्ट्या ओढू नका. त्या वाळून कडक झालेल्या असतात आणि तुटतात.

खालच्या रॅमच्या आठ चिप्स ४११६ जातीच्या आहेत, आयसी ६ ते आयसी १३. त्यांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात. काळा प्रोब १६ नंबरच्या पायावर, म्हणजे ग्राउंडवर ठेवा. १ नंबरच्या पायावर उणे ५, आठवर १२ आणि नवावर ५ व्होल्ट मिळायला हवेत.

पाच व्होल्ट नसतील तर ७८०५ रेग्युलेटर आणि अडॅप्टर बघा. उणे ५ गायब आणि १२ च्या जागी ९ च्या आसपास दिसत असतील, तर मशीनमधला डीसी कन्व्हर्टर बंद पडला आहे. त्यात टीआर४ हा झेडटीएक्स ६५० ट्रान्झिस्टर वारंवार जातो. वीज चालू असताना मागच्या कनेक्टरला काही जोडणे किंवा काढणे हे त्याचे नेहमीचे कारण. अशा अवस्थेत मशीन चालू ठेवू नका. उणे ५ व्होल्ट नसताना ४११६ तापतात आणि मरतात. एका स्वस्त ट्रान्झिस्टरपायी आठ चिप्स जाऊ शकतात.

उलटेही घडते. एखादी चिप आतून शॉर्ट झाली की ती १२ व्होल्टची लाइन खाली ओढते आणि त्या भाराने टीआर४ जळतो. म्हणून नवा ट्रान्झिस्टर बसवण्याआधी वीज बंद ठेवून पाय ८ आणि १६ मधला रोध मोजा. तो शून्याजवळ असेल तर आधी दोषी चिप शोधावी लागेल, नाहीतर नवा ट्रान्झिस्टरही त्याच वाटेने जाईल.

रेघांचा अर्थ

तिन्ही व्होल्टेज बरोबर असूनही कचरा दिसत असेल तर पुन्हा पडद्याकडे वळा. प्रत्येक बाइटमधला एकेक बिट एकेका चिपमध्ये असतो: शून्यावा बिट आयसी ६ मध्ये, सातवा आयसी १३ मध्ये. त्यामुळे एक चिप अडकली की दर आठ ठिपक्यांमागे एक जादा उभी रेघ दिसते. सर्वांत डावा ठिपका सातव्या बिटाचा, सर्वांत उजवा शून्याव्याचा.

रंगही तेच सांगतात. सातवा बिट १ वर अडकला तर रंग लुकलुकतात, सहावा अडकला तर ते जास्त उजळ होतात. तिसरा अडकला तर काळ्या पार्श्वभूमीच्या जागी निळी दिसते, पाचव्याने हिरवी. असे मशीन पुढे कोसळते, त्यामुळे हे चित्र कधीकधी सेकंदभरच टिकते. मोबाइलवर व्हिडिओ घेतला तर सावकाश बघता येते.

चिप बदलायचीच असेल तर जुनीचे पाय कापा, एकेक पाय वेगळा सोडवा आणि जागी सॉकेट बसवा. मेलेली चिप वाचवण्याच्या नादात ट्रॅक गमावण्यात शहाणपण नाही. यूएलएला सर्वांत शेवटी हात लावा. ती चालू असताना गरम लागते, तेवढ्यावरून तिला दोषी ठरवू नका. मूळ चिप आता बनत नाही.

चित्र आहे, पण रंग नाहीत? १२ व्होल्ट पुन्हा मोजा, कारण रंग तयार करणाऱ्या एलएम१८८९ चिपला तेच लागतात. नंतर ४.४३ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल तपासा. सुरुवातीच्या बोर्डांवर रंग जुळवायचे छोटे स्क्रूही आहेत, पण ते फिरवण्याआधी त्यांची मूळ जागा खूण करून ठेवा.

पडदा स्वच्छ आहे, तरी ४८ केबीचे मशीन मोठे गेम चालवत नसेल, तर वरची रॅम बघावी लागते. PRINT PEEK 23732+256*PEEK 23733 ही आज्ञा मशीनवर अशीच टाइप करा. उत्तर ६५५३५ हवे. ३२७६७ आले तर मशीन स्वतःला १६ केबीचे समजते आहे. वरच्या ३२ केबीच्या आठ चिप्समध्ये एक गंमत आहे. त्या मुळात ६४ किलोबिटच्या, पण अर्धा भाग सदोष निघालेल्या आणि म्हणून स्वस्तात मिळालेल्या चिप्स होत्या. चांगला अर्धा भाग कोणता हे बोर्डवरचा एक जंपर ठरवतो, म्हणून जुनी चिप बदलताना त्याच अर्ध्याची घ्या किंवा पूर्ण चांगली ४१६४ बसवा.