कानांवर ताबा कुणाचा? सामायिक कार्यालय आणि हेडफोनचा इतिहास

१/ आमच्या संशोधन प्रकल्पाच्या खोलीत सहा टेबले, दोन पंखे, एक झेरॉक्स यंत्र आणि दिवसभर खणखणणारा एक फोन आहे. ध्वनिमुद्रित मुलाखती ऐकून त्या शब्दशः उतरवून काढणे आणि उरलेल्या वेळात मोडी कागद वाचणे, हे माझे काम. गेल्या महिन्यात हेडफोन घ्यायचे ठरवले. निवड करता करता इतिहासात शिरले. त्याचाच हा थ्रेड.

२/ कामासाठी शांतता विकत घेण्याची धडपड हेडफोनपेक्षा जुनी आहे. लंडनच्या चेल्सी भागात राहणारा लेखक थॉमस कार्लाइल शेजारचे कोंबडे, पियानो आणि रस्त्यावरचे वाजंत्री यांना इतका कंटाळला, की १८५३ साली त्याने घराच्या माथ्यावर ध्वनिरोधक अभ्यासिका बांधायला घेतली. भरपूर खर्च झाला. पण रस्त्याचा आवाज थोडा थांबला, तर दूरचे नवे आवाज ऐकू येऊ लागले. प्रयोग फसला.

३/ कार्लाइलजवळ निदान घर होते. नोकरदाराच्या कानांची कथा वेगळी आहे. १८७८ च्या जानेवारीत अमेरिकेतील न्यू हेवन येथे पहिले व्यावसायिक टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. आरंभी जोडणी करून देण्यासाठी मुलगे नेमले जात. ते ग्राहकांशी उद्धटपणे बोलत. म्हणून त्याच वर्षी १ सप्टेंबर रोजी बोस्टनमध्ये एमा नट ही पहिली महिला ऑपरेटर कामावर आली.

४/ हात जोडणीच्या तारांसाठी मोकळे राहावेत म्हणून १८८० च्या दशकात ऑपरेटरांसाठी एझरा गिलिलँडने एक साज तयार केला : एका कानाशी श्रवणयंत्र, तोंडासमोर बोलण्याचे यंत्र आणि सगळा भार खांद्यांवर. आजच्या हेडसेटचा हा पूर्वज. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हे साधन संगीतासाठी नव्हते, एकांतासाठीही नव्हते. कामगाराचा कान कामाला जुंपण्यासाठी ते होते.

५/ या मुलींनी काय बोलावे, कसे बसावे, हे नियमांनी ठरलेले असे. पाठीमागे पर्यवेक्षक उभी असे आणि तिला मध्येच संभाषण ऐकताही येई. एप्रिल १९१९ मध्ये न्यू इंग्लंडमधील हजारो ऑपरेटरांनी ज्युलिया ओ'कॉनर हिच्या नेतृत्वाखाली कानांवरचे साज उतरवून ठेवले. महायुद्धामुळे त्या वेळी टेलिफोनसेवा सरकारच्या ताब्यात होती. सहा दिवस दूरध्वनी जवळजवळ ठप्प झाले आणि अखेर वेतनवाढ मान्य करावी लागली.

६/ दोन्ही कानांवर बसणाऱ्या आधुनिक हेडफोनचा जन्म प्रयोगशाळेत नव्हे, स्वयंपाकघरात झाला. युटा प्रांतातील नॅथॅनियल बाल्डविनने १९१० साली आपले श्रवणयंत्र अमेरिकी नौदलाकडे पाठवले. चाचणीत ते उत्तम ठरले. मागणी आली, तेव्हा त्याने कळवले की एका वेळी दहाच नग करता येतील. कारण ते घरच्या ओट्यावर तयार होत होते!

७/ आता कार्यालयाकडे वळू. १९०६ साली बफेलो शहरात फ्रँक लॉइड राइटने बांधलेल्या लार्किन इमारतीत भिंती नसलेल्या, वरून उजेड येणाऱ्या भव्य दालनात कारकून ओळीने बसत. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतील श्नेले बंधूंनी ओळी मोडल्या, झाडे आणि गालिचे आणले, टेबले निसर्गदृश्यासारखी विखुरली. संवाद वाढावा हा हेतू होता. संवादाबरोबर गोंगाटही वाढला.

८/ त्यावर अमेरिकेत रॉबर्ट प्रॉप्स्टने तोडगा काढला. १९६८ मध्ये हर्मन मिलर कंपनीने त्याची हलवता येणाऱ्या आडोशांची रचना बाजारात आणली. प्रत्येकाला मोकळीक आणि थोडा खासगीपणा मिळावा, अशी त्याची कल्पना. कंपन्यांनी त्यातून काटकसर तेवढी उचलली आणि माणसे छोट्या चौकोनी खुराड्यांत बसवली. आपल्या कल्पनेची ही परिणती पाहून प्रॉप्स्ट उतारवयात उघडपणे हळहळला.

९/ मालकवर्गानेही कामाच्या जागी आवाज सोडला, पण स्वतःच्या पसंतीचा. २३ जून १९४० रोजी बीबीसीने कारखान्यांतील उत्पादन वाढावे म्हणून दिवसातून दोनदा अर्ध्या तासाचा संगीतकार्यक्रम सुरू केला. त्यातून एक अमेरिकी गाणे वगळावे लागले. त्यातल्या टाळ्यांच्या जागी कामगार यंत्रांवर हत्यारे आपटत! अमेरिकेत म्युझॅक कंपनी तर पंधरा मिनिटे चढत्या लयीचे संगीत आणि पंधरा मिनिटे शांतता असा क्रम विकत असे.

१०/ म्हणजे १९५० पर्यंत नोकरदाराच्या कानात काय पडावे, हे बहुधा दुसराच ठरवत होता. १९५८ मध्ये मिलवॉकीच्या जॉन कॉसने संगीतश्रवणासाठी स्टिरिओ हेडफोन आणले. १९६८ मध्ये जर्मन कंपनी सेन्हायझरने एचडी ४१४ हा पहिला 'उघडा' हेडफोन आणला. कानावर स्पंजाची गादी, मागची बाजू सच्छिद्र. बंद हेडफोन जग बाहेर ठेवतो. उघड्यातून जग आत येते आणि आतले संगीतही शेजाऱ्यापर्यंत पोहोचते. सामायिक खोलीत निवडीचा पहिला पेच हाच.

११/ या पेचाची जाणीव सोनीच्या अकिओ मोरिता यांनाही होती. १ जुलै १९७९ रोजी आलेल्या पहिल्या वॉकमनला हेडफोनसाठी दोन खाचा होत्या आणि एक नारिंगी बटण होते. ते दाबले की संगीत मंद होई आणि सोबत्याचे बोलणे ऐकू येई. एकट्याने ऐकणे असभ्यपणाचे वाटेल, ही त्यामागची धास्ती. पण लोकांना एकटेच ऐकायचे होते. दोनच वर्षांनी आलेल्या पुढच्या प्रतिमानातून ते बटण गेले.

१२/ आवाजाने आवाज खोडण्याची कल्पना जर्मनीच्या पॉल ल्यूगची. त्याला १९३६ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. १९७८ मध्ये झुरिकहून परतताना विमानाच्या घरघरीने त्रासलेल्या अमर बोस यांनी प्रवासातच त्याचे गणित मांडले. बोस यांचे वडील बंगालचे क्रांतिकारक; ब्रिटिशांचा ससेमिरा चुकवून ते अमेरिकेत गेले होते. १९८९ मध्ये वैमानिकांसाठी आणि २००० मध्ये सामान्य ग्राहकांसाठी बोस कंपनीचे असे हेडफोन आले.

१३/ हे जन्मस्थान विसरू नये. हे तंत्र घडले ते विमानाच्या संथ, खालच्या पट्टीतल्या घरघरीसाठी. पंखा आणि एसी ते छान पुसते. क्षणाक्षणाला बदलणारे माणसाचे बोलणे मात्र पुष्कळसे शिल्लक राहते, आणि वाचणाऱ्याचे लक्ष मोडते ते नेमके बोलण्यानेच. त्यावर शब्दांचे गाणे लावणे म्हणजे एका बोलण्यावर दुसरे बोलणे चढवणे. बंद गादीचा साधा हेडफोन आणि शब्दविरहित संगीत, हा उपाय स्वस्त आणि बराच परिणामकारक.

१४/ २०१८ मध्ये ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी दोन मोठ्या कंपन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भिंती काढून खुले कार्यालय केल्यावर प्रत्यक्ष बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि ईमेल वाढले. भिंत काढली, की माणूस आपली भिंत आपल्याबरोबर बाळगू लागतो. हेडफोन ही त्यांतलीच एक.

१५/ हे मी केवळ वाचले नाही, अनुभवलेही. मैत्रिणीकडून उसने आणलेले आवाजरोधी हेडफोन लावून मी आठवडाभर काम केले. एका मोडी रुमालातली एक संक्षिप्त खूण मला दहा दिवस लागत नव्हती. आमच्याकडे निवृत्तीनंतरही येणारे एक काका आहेत. मोडी त्यांच्या बोटांवर आहे. पुढच्या सोमवारी मी खूण दाखवताच त्यांनी ती क्षणात वाचली आणि म्हणाले, "अगं, हेच सांगायला गुरुवारी तुझ्या टेबलाशी आलो होतो. दोनदा हाक मारली. तू कामात दिसलीस, मग परत गेलो."

१६/ काकांच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणून ते अधिक लागले. आमच्या क्षेत्रातले निम्मे ज्ञान पुस्तकात नाही. ते असे टेबलाशी येऊन उभे राहते, दोनदा हाक मारते आणि परत जाते. मी चार दिवस गमावले, एवढेच नाही. पुढच्या वेळी काका उठून आलेच नसते, तर काय गमावले हे मला कधी कळलेही नसते.

१७/ शेवटी मी काय घेतले? तारेचा, बंद गादीचा, हलका हेडफोन. उघडा घेतला नाही, कारण मुलाखतीत लोकांनी विश्वासाने सांगितलेले शेजारच्या टेबलावर पोहोचता कामा नये. ध्वनिमुद्रण ऐकताना दोन्ही कान झाकते. मोडी वाचताना एक गादी कानामागे सरकवते; जुन्या एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरांसारखा एक कान कामाला, एक माणसांना. खोलीत ठरलेही आहे : हेडफोन मानेवर असेल तर खुशाल हाक मारावी, कानांवर असेल तर खांद्याला हात लावावा.

१८/ त्या ऑपरेटरांना कान कुणाला द्यायचा, हे ठरवण्याचा अधिकार नव्हता. आपल्याला तो मिळाला आहे. हेडफोन निवडताना किंमत आणि बॅटरी जरूर पाहावी. पण त्याआधी आपल्या खोलीत कुणाकुणाची हाक आपल्याला ऐकू यायला हवी, याची एक यादी मनाशी करावी. माझ्या यादीत पहिले नाव काकांचे आहे.

थ्रेड समाप्त. तुमच्या कार्यालयात काय पद्धत आहे, जरूर कळवा.